मार जातो कुठे

मार्च महिन्यात माझ्या ताईला चार वेळा मार बसला. पहिल्यांदा स्टीलच्या डब्याने, दुसऱ्यांदा चपलेने, तिसऱ्यांदा एका मृताच्या जावयाने आणि चौथ्यांदा त्याच जावयाच्या भावाने, कारण आदल्या वेळी तो गाडी लावायला गेला होता आणि त्याचं राहून गेलं होतं.

ताई म्हणजे संघमित्रा तायडे, विद्यापीठाच्या रुग्णालयात अपघात विभागाची इनचार्ज सिस्टर. मी तिचा धाकटा भाऊ प्रफुल्ल, संख्याशास्त्र विभागात प्रकल्प सहायक. तिला मार बसायचा आणि मी तो मोजायचो. आमच्या घरातली कामाची वाटणी ही अशी होती.

आमचं विद्यापीठ तीन टेकड्यांवर आहे. एकीवर निसर्गविज्ञानं, दुसरीवर आरोग्यविज्ञानं, तिसरीवर सामाजिक शास्त्रं. पूर्वी या टेकड्यांचा एकमेकींशी संबंध फक्त पाण्याच्या पाइपलाइनपुरता होता. मग २०३६ साली नियम आला की, प्रत्येक संशोधनात तिन्ही टेकड्यांवरचा एकेक माणूस हवाच, नाहीतर प्रस्ताव परत. त्यातून काही चांगली कामं झाली. भूगर्भशास्त्र, दंतवैद्यक आणि राज्यशास्त्र यांनी मिळून विहिरीतलं फ्लोराइड, पिवळे दात आणि सरपंचाच्या निवडणुका यांच्यातला संबंध शोधला. संबंध निघाला. खगोलशास्त्र, नेत्रविभाग आणि भाषाशास्त्र यांचा प्रकल्प अजून चालू आहे. तो नेमका कशावर आहे, हे विचारायला तिघांनाही आता संकोच वाटतो.

आमचा प्रकल्प टोळांपासून सुरू झाला.

डॉ. रेवणसिद्ध हत्तुरे हे आमचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आयुष्याची बावीस वर्षं टोळ पाळण्यात घालवली. टोळधाड पुढे का सरकते, तर लोकांना वाटतं अन्न शोधायला. तसं नाही. मागचा टोळ पुढच्याला खातो, म्हणून पुढचा पळतो. त्या पळणाऱ्याला त्याच्याही पुढचा दिसतो आणि त्यालाही भूक लागलेली असते. अशा पद्धतीने लाखो टोळ जिल्हे ओलांडतात. पण सगळेच एकमेकांना खाऊन संपत नाहीत, कारण गर्दीत टोळाच्या अंगातून एक वास सुटतो. त्या वासाचा अर्थ, ‘मला खाऊ नकोस.’ तो वास काढून घेतलेला टोळ पिंजऱ्यात सोडला की सकाळपर्यंत त्याच्या तंगड्या उरतात.

हत्तुरे सरांनी माणसात असा वास शोधायला घेतला आणि तो तान्ह्या बाळाच्या टाळूवर सापडला. आईबाप झोपेविना तीन महिने काढतात आणि तरीही पोराला खिडकीतून बाहेर फेकत नाहीत, त्याचं निदान काही श्रेय या रेणूला आहे. नाकाला तो कळतही नाही. मेंदूला मात्र कळतो आणि उगारलेला हात ढिला पडतो. सरांनी तो प्रयोगशाळेत बनवला, स्प्रेच्या बाटलीत भरला आणि त्याला ‘अभय’ नाव दिलं.

आता मार खाणारी माणसं हवी होती. ती दुसऱ्या टेकडीवर मुबलक होती. अपघात विभागाच्या प्रमुख डॉ. अल्मास बागवान यांच्याकडे चाळीस कर्मचारी होते आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडून महिन्याला सरासरी एकसष्ट वेळा मार बसायचा. तिसऱ्या टेकडीवरून समाजशास्त्राच्या प्रा. माधुरी लोखंडे आल्या. मारणारे कोण, कुठून येतात, कशामुळे भडकतात याचा त्यांनी चार वर्षं अभ्यास केला होता. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या, “हात थांबला, ठीक आहे. पण राग कुठे जातो, ते कोण मोजणार?”

कार्यवृत्तात मी लिहिलं : ‘प्रा. लोखंडे यांनी मुद्दा मांडला. चहा झाला.’

प्रयोगाची रीत नेहमीची. चाळीसपैकी वीस जणांना खरा स्प्रे, वीस जणांना नुसतं पाणी. दोन्हींत बेबी पावडरचा वास, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नये. कुणाला काय मिळालं, हे डॉक्टरांनाही माहीत नाही आणि घेणाऱ्यांनाही नाही. चिठ्ठ्या टाकून ठरवलेली यादी एका लोखंडी कपाटात. टेकड्यांचा एकमेकींवर विश्वास नसल्याने कपाटाला तीन कुलुपं आणि प्रत्येक टेकडीकडे एक किल्ली. पण तिन्ही प्राध्यापक एका वेळी कधीच सापडत नाहीत आणि त्यामुळे कागद अडतात. म्हणून सोयीसाठी तिन्ही किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या होत्या.

पहिल्या महिन्याअखेर ताई उजव्या हाताचं मधलं बोट प्लास्टरमध्ये घालून घरी आली.

“कोणी?” मी विचारलं.

“एका आजीने. अडकित्ता होता तिच्याकडे.” ताईने डाव्या हाताने परातीत पीठ ओतलं. “बघतोस काय? मळ.”

मी मळायला लागलो.

“तुझी ती बाटली माझ्यावर चालत नाही, प्रफुल्ल्या. उलट झालंय. पूर्वी लोक आधी शिव्या द्यायचे, मग मारायचे. आता सरळ माझ्याकडेच येतात. रांगेत उभे असल्यासारखे.”

“असं नसतं, ताई. योगायोग असेल.”

“आणि तो देवीदासदादा बघ. दारावरचा वॉचमन. त्याला कुणी हातही लावत नाही. काल एक पैलवान गडी त्याच्या अंगावर धावून आला, थांबला आणि त्याच्या मिशीवरून हात फिरवून गेला.” ती हसली आणि मग ओठ फुटलेला असल्यामुळे थांबली. “जास्त पाणी घातलंस. पोळ्या करायच्या आहेत, पोस्टर चिकटवायचं नाही.”

दुसऱ्या महिन्यात तिच्या बरगड्या दुखावल्या. तिसऱ्यात तिच्या डोक्यावर कुणीतरी ऑक्सिजनचा मीटर फेकून मारला आणि नऊ टाके पडले. ती टाके घालून घेता घेता घालणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला शिकवत होती, असं मला नंतर कळलं.

मग निकालाची बैठक झाली. खरा स्प्रे घेतलेल्या वीस जणांना मिळून महिन्याला सरासरी तीन वेळा मार बसला होता. पाणी घेतलेल्या वीस जणांना अठ्ठावन्न वेळा. मी आकडा पडद्यावर दाखवला आणि तीन प्राध्यापकांनी एकाच वेळी श्वास घेतला.

“पंच्याण्णव टक्के,” हत्तुरे सर म्हणाले. “असं औषध जगात नाही.”

“सरकारकडून दोन लाख बाटल्यांची मागणी आलीच म्हणून समजा,” बागवान मॅडम म्हणाल्या. “शोधनिबंधात पहिलं नाव अर्थातच अपघात विभागाचं.”

“अर्थातच?” हत्तुरे सर म्हणाले. “बावीस वर्षं टोळ मी पाळले.”

“आणि चार वर्षं लोकांच्या दारोदार कोण फिरलं?” लोखंडे मॅडम म्हणाल्या. “टोळ?”

पुढचं मी क्रमाने सांगतो, कारण मला ते चौकशी समितीलाही क्रमाने सांगावं लागलं. हत्तुरे सरांनी टेबलावरचं पितळी स्मृतिचिन्ह उचललं आणि बागवान मॅडमवर उगारलं. वर गेलेला हात तिथेच अडकला. सरांचा चेहरा हळूहळू एखाद्या आजोबांसारखा मऊ झाला. मग बागवान मॅडमनी लोखंडे मॅडमची वेणी धरली आणि लगेच सोडून नीट सारखी केली. लोखंडे मॅडमनी खुर्ची उचलून सरांकडे नेली आणि त्यांना बसायला दिली. उत्साहाच्या भरात तिघांनीही सकाळी ‘अभय’ मारून घेतला होता. तिघंही रागाने थरथरत होते आणि कुणालाच कुणाला मारता येत नव्हतं.

मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी संख्याशास्त्राचा. तटस्थ राहायचं म्हणून मी काहीच लावलं नव्हतं.

स्मृतिचिन्ह माझ्या कानशिलावर बसलं. खाली पडल्यावर बागवान मॅडमनी दोन लाथा मारल्या, त्याही कुठे मारल्या की जास्त दुखतं हे माहीत असलेल्या माणसाच्या. लोखंडे मॅडमनी तीच खुर्ची आणली, या वेळी बसायला नाही. तिन्ही विद्याशाखांनी एका विषयावर खरोखर एकत्र काम केल्याचं आमच्या विद्यापीठातलं हे पहिलंच उदाहरण.

पाच मिनिटांनी तिघांनाही ओशाळल्यासारखं झालं. बागवान मॅडमनी स्वतः माझा कान शिवला. हत्तुरे सर म्हणाले, “तायडे, मनावर घेऊ नका.” मग तिघंही वर्णानुक्रमे नावं लावायला तयार झाले. त्यांचा राग गेला होता. कुठे गेला होता, ते मला जमिनीवर पडल्या पडल्या कळलं होतं.

तीन आणि अठ्ठावन्न. एकसष्ट. प्रयोगाआधीही एकसष्टच होते. एकही ठोसा कमी झाला नव्हता. ‘अभय’मुळे मार थांबत नव्हता, फक्त शेजारच्याकडे सरकत होता. आम्ही वीस आणि वीस माणसं एकाच खोलीत, एकाच पाळीत उभी केली होती आणि हिशेब मात्र ती चाळीस वेगवेगळ्या बेटांवर राहतात असा धरला होता. एका गटाचा मार दुसऱ्या गटावर पडत होता आणि तो जितका जास्त पडेल तितकं आमचं औषध जास्त गुणकारी दिसत होतं. ताईच्या डोक्यावरचे नऊ टाके म्हणजे आमचं यश होतं. आणि उद्या दोन लाख बाटल्या वाटल्या गेल्या असत्या, तर उरलेल्या कोट्यवधी लोकांना बेटांवर पाठवायची सोय नव्हती.

हे मी त्याच दिवशी प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी कपाट पुन्हा उघडलं. बेरजेपुरते आधी फक्त नंबर पाहिले होते, आता नावं पाहिली.

यादीत तेविसावं नाव ताईचं. पाणी. एकतिसावं नाव देवीदास वानखडे, सुरक्षारक्षक. खरा स्प्रे.

समितीला लिहिलं तर प्रयोग तपासायला दोन महिने लागणार आणि तोवर बाटल्या आहेत तशाच चालू राहणार. दोन महिन्यांत ताईच्या वाट्याला आणखी सहा-सात वेळा मार येणार होता आणि दर वेळी तो आधीपेक्षा वरच्या दर्जाचा होत होता. मी वजनं पाहिली. ताई पन्नास किलो. देवीदास एक्याण्णव, पूर्वीचा जिल्हा पातळीवरचा कबड्डीपटू. त्याने आजवर एकही दिवस आजारपणाची रजा घेतलेली नव्हती. मी कागदावर ते मांडलंसुद्धा. मार एकूण तेवढाच राहणार असेल, तर तो सोसू शकेल अशा माणसाकडे जाणं जास्त शास्त्रीय आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तीन कुलुपं लावली. सोमवारी बाटल्या भरून नेताना तेवीसवर एकतीसचं आणि एकतीसवर तेवीसचं स्टिकर लावलं. आणि एक खरी बाटली स्वतःसाठी खिशात टाकली, कारण कान अजून दुखत होता.

सोमवार ते गुरुवार ताईला कुणी मारलं नाही. ती घरी येऊन चक्क गाणं गुणगुणली. मी पीठ मळलं.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता एक ट्रॅक्टर-ट्रॉली पुलावरून खाली पडली. लग्नाच्या वऱ्हाडातली सात माणसं आणली गेली आणि त्यातली दोन दारातच गेली. मागून जीपगाड्या भरून नातेवाईक आले. मी बाटल्यांच्या नोंदी घ्यायला तिथेच होतो, म्हणून मी ते सगळं पाहिलं.

मयत मुलाचा मामा पुढे होता. त्याच्या हातात ट्रॉलीची लोखंडी खीळ होती. तो ताईसमोर आला, थांबला आणि डोळे पुसले. मग त्याची नजर ताईच्या खांद्यावरून दारातल्या देवीदासवर गेली.

“तूच थांबवलं ना आमाले गेटवर!” तो ओरडला.

देवीदासने हात पुढे केले. तीन महिने त्याला कुणी बोट लावलं नव्हतं, त्यामुळे तो सावधसुद्धा नव्हता. तो हसत होता. पहिला घाव त्याच्या जबड्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला औषधांच्या काउंटरपर्यंत ऐकू आला. मग दहा-बारा जण तुटून पडले. कुणी सलाइनचा स्टँड उचलला. कुणी आगीच्या वेळचं लाल सिलिंडर भिंतीवरून काढलं आणि त्याच्या छातीवर आपटलं. दोनदा, तीनदा.

ताई मध्ये घुसली. तिने मामाचा हात धरला. मामाने तो हळूच सोडवून घेतला.

“ताई, बाजूला व्हा ना. तुमाले लागन.”

“सोडा त्याला! मला मारा!” ताई त्याच्या अंगावर आडवी पडली. त्यांनी तिला दोन्ही दंडांना धरून उचललं, बाकावर बसवलं, एका बाईने तिला पाणीसुद्धा दिलं. ती पुन्हा उठली. पुन्हा त्यांनी तिला उचलून बाकावर ठेवलं. तिच्या अंगाला ओरखडा न लावता तिच्यासमोर ते देवीदासला मारत राहिले. एकाने स्टँडचं टोक त्याच्या डोळ्यात घातलं. ताई किंचाळत होती आणि ते तिला म्हणत होते, “तिकडे पाहू नका, ताई, तुमाले तरास होईन.”

मी काउंटरच्या मागे उभा होतो. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. सकाळीच दोन फवारे मारले होते.

देवीदास वाचला. डावा डोळा काढावा लागला, प्लीहा काढावी लागली, जबडा तारेने बांधला. बागवान मॅडमनी सहा तास उभं राहून शस्त्रक्रिया केली. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, “हा कुठल्या गटात होता हो?” आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाल्या, “पाणीवाल्यात असेल. बिचारा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. तिच्या हातात दोन बाटल्या होत्या. तेवीस आणि एकतीस. एकतीसचं स्टिकर तिने नखाने अर्धं सोललं होतं. त्याच्याखाली तेवीस होतं. संख्याशास्त्रात माझा पहिला वर्ग आहे, पण जुनी स्टिकरं निघेनात म्हणून मी वरूनच चिकटवली होती.

“सोमवारी माझी चालायला लागली,” ताई म्हणाली, “आणि त्याची बंद पडली.”

“ताई, तू ऐक...”

“ऐकतेय. बोल.”

“तुझ्या डोक्यावर मीटर पडला होता. पुढच्या वेळी तू मेली असतीस. तो तगडा आहे, एक्याण्णव किलो...”

“वजन बघितलंस तू त्याचं?”

मी बाटल्यांकडे हात नेला. तिने त्या मागे घेतल्या.

“मागच्या आठवड्यात त्याने मला डबा दिला, प्रफुल्ल. त्याच्या मुलीने पहिल्यांदा पाटवड्या केल्या होत्या. ताई, तुमचे दिवस वाईट चाललेत, म्हणाला, खाऊन घ्या.”

तिने हात उगारला. प्लास्टरमधून सुटलेला तोच उजवा हात. तो माझ्या गालापासून वीतभर अंतरावर थांबला. तिचा चेहरा मऊ व्हायला लागला, मी सहा महिन्यांचा असताना असेल तसा. तिला ते कळलं. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तूसुद्धा लावलंयस,” ती म्हणाली.

तिने माझी मानगूट धरली. मारायला नाही, म्हणून तिला धरता आली. बेसिनपाशी नेऊन माझं डोकं नळाखाली घातलं आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ज्या लाल साबणाने हात धुतात त्या साबणाने तिने माझे केस, मान, कानांच्या मागे, शिवलेल्या कानासकट, खसाखसा घासायला सुरुवात केली. टाक्यात साबण गेला. मी ओरडलो. ती थांबली नाही. तिने माझा शर्ट काढायला लावला आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला. खिशातली बाटली काढून सिंकमध्ये ओतली. मग रुग्णाला घालतात तो हिरवा सदरा माझ्या अंगात घातला. लहानपणी अंघोळ घालून झाल्यावर हुंगायची तशी तिने माझी टाळू हुंगली.

मी डोळे मिटले आणि गाल पुढे केला.

“मी नाही,” ती म्हणाली. “माझा नंबर दुसरा. आधी त्याला सांगायचं. मग त्या तिघांना लेखी द्यायचं, एकसष्टचे एकसष्टच राहिलेत म्हणून. मग पेपरवाल्यांना. चल.”

अतिदक्षता विभागात सात नंबरच्या खाटेवर देवीदास वानखडे टेकून बसला होता. अर्ध्या चेहऱ्यावर बँडेज, तोंड तारेने बंद. उजवा हात मात्र मोकळा होता. मला पाहून त्याने तो हात उचलून सलाम केला, दारावर रोज करायचा तसा.

मी सांगितलं. यादी, कपाट, तीन किल्ल्या, दोन स्टिकरं, पन्नास किलो आणि एक्याण्णव किलो. शास्त्रीय भाषेत सांगायला लागलो होतो, ताईने पाठीत बोट खुपसलं, मग साध्या भाषेत सांगितलं. त्याचा एक डोळा माझ्यावरून हलला नाही. त्याच्या शेजारच्या यंत्रावर ठोक्यांचा आकडा ब्याऐंशीवरून एकशे चौदावर गेला. सवयीने मी तो वाचला.

त्याला बोलता येत नव्हतं. त्याने हात किंचित उचलला आणि दोन बोटांनी खूण केली. जवळ ये.

ताईने माझा चष्मा काढला, मिटला आणि आपल्या ॲप्रनच्या खिशात ठेवला. खाटेचा कठडा खाली केला, म्हणजे त्याला अडचण होऊ नये.

मी वाकलो.